चारचा आकडा

कामत सरांच्या कॉफीच्या चक्कीत मी मूठभर तांदूळ घातले. का घातले ते सांगते. शिव्या देऊ नका, माझ्या मी पुरेशा घालून घेतल्या हायेत.

सर दुर्बिणीवर इंजिनेर व्हते. आमच्या खोडदच्या शिवारात त्या दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या उभ्या ऱ्हायल्या, तवापासून ते हितं. मूळचे मंगळूरकडचे. रिटायर झाले, त्यांच्या बाई वारल्या, तरी गाव सोडलं न्हाई. नारायणगावच्या रस्त्याला छोटं घर बांधून एकटेच ऱ्हायले. त्यांचा सैपाक आन् झाडलोट मी करायचे. सकाळी सातला जायचं, दिवस मावळायला घरी यायचं, असं सात वर्सं चाललं. माझा मालक चिमाजी, त्याची गावात पिठाची गिरणी हाय. लगीन झाल्यापासून मी पिठातच ऱ्हायलेय म्हणा ना.

सरांनी कामानिमित्त इटलीला गेल्यावर तिथनं कॉफीचं मशीन आणलेलं. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली. मशीन येगळं आन् बिया दळायची चक्की येगळी. चक्कीच्या गळ्याला एक कडं, त्याच्यावर एक ते धा आकडे. कडं एककडं नेलं की भुकटी बारीक, धाकडं नेलं की जाड. सरांचा आकडा चार. रोज सकाळी सर दळायचे, भुकटी दाबून बसवायचे, बटण दाबायचे आन् मोठ्यानं आकडे मोजायचे. तीस म्हणेपर्यंत कप भरला की सकाळ बरी. त्या कोपऱ्याला हात लावायला मला बंदी व्हती. मी बी कधी लावला न्हाई. एवढ्या नाटकापरीस आमचा चहा काय वाईट असतो, असं मनात म्हणायचे आन् भांडी घासायचे.

त्या साली, दोन हजार सातला, सर इसरायला लागले. जानेवारीत दूध गॅसवर ठेवून फिरायला गेले, पातेलं जळून कोळसा झालं. त्यांची लेक श्रेयाताई बंगळूरला असते, तिला फोनवर मी सांगितलं, माझ्या हातनं झालं म्हणून. सर पडले सरळ माणूस. रविवारी त्यांनीच तिला खरं सांगून टाकलं. झालं, तवापासून श्रेयाताईचा माझ्या बोलण्यावरचा इस्वास उडाला.

मंग ती आली आन् सरांना तपासायला पुण्याला घेऊन गेली. गुरुवारी मी घर झाडायला गेले तर फोन वाजला. श्रेयाताई म्हणाली, डॉक्टर म्हणतायत इसरभोळेपणाची सुरुवात हाय, मी बाबांना बंगळूरला नेते. बाबा ऐकत न्हाईत. म्हणतात, मी माझी कॉफी पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातानं करतो, ज्याचं डोकं गेलंय त्याला हे जमेल का? तवा दोघांचं ठरलंय. शनिवारी सकाळी बाबांनी तिच्यासमोर कॉफी करायची. नीट झाली तर खोडदला ऱ्हायचं, बिघडली तर गपगुमान सामान बांधायचं. आन् मला सांगितलं, "मावशी, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तुम्ही त्यांना सांभाळून घेता, मला माहितीये."

फोन ठेवला. सर गेले तर माझं काम जाईल, हे तर हायेच. पण खरं सांगते, काम दुसरं मिळतं. परक्या शहरात लेकीच्या घरी चौथ्या मजल्यावर खिडकीत बसलेले सर माझ्या डोळ्यापुढं आले आन् मला रडूच आलं.

म्हणलं, आपल्या हातात काय हाय, तर घर चकचकीत ठेवणं. कधी न्हाई ते कॉफीच्या कोपऱ्याकडं वळले. चक्कीला खवट वास येत व्हता. घर चार दिवस बंद, बियांचं तेल आत बसलेलं. मिक्सरला मसाल्याचा वास लागला की आपण काय करतो? मूठभर तांदूळ फिरवतो. गिरणीत बी मिरचीवर दुसऱ्याचं दळण घ्यायच्या आधी चिमाजी तेच करतो. मी बी तेच केलं. शहाणी ना मी.

चक्की घर्रकन फिरली आन् थांबली. नुसती गूं गूं करायला लागली. मी बटण बंद केलं. तांदूळ दातात अडकून बसलेले. चिमाजीला बोलवावं तर तो आधी पोटभर हसणार आन् सांजच्याला सगळ्या गावाला सांगणार. म्हणून मीच ते कडं फिरवत फिरवत पार वर काढलं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं कणी काढली, पुसलं, कडं परत बसवलं आन् चारवर आणून ठेवलं. चक्की सुरू झाली. देवाला हात जोडले.

पण मन मानंना. गिरणीत दगड काढून परत बसवले की चाक पयल्या जागेवर आणून भागत न्हाई, पीठ हातात घेऊन बघावं लागतं, हे मला ठावं व्हतं. थोड्या बिया दळल्या आन् चिमटीत धरल्या. भुकटी अंगाला लावायच्या पावडरीवाणी. कडं आट्यांत, म्हंजी फिरकीच्या खाचांत, भलतीकडंच धरलं गेलं व्हतं. आकडा चार, पण आता तो चार ऱ्हायला नव्हता.

तरी खात्री करावी म्हणून मशीन लावलं. सात वर्सं बघून बघून मला बी सगळं पाठ झालेलं. तीस मोजले तरी थेंब न्हाई. मंग एकेक थेंब, काळाकुट्ट. आठवर नेलं, तर तीस व्हायच्या आत कप भरून वाह्यला, पाणीच पाणी. डब्यात बिया कमी. शनिवारी सरांना पुरल्या पायजेत आन् बियांच्या नव्या पार्सलला आठ दिवस. म्हणलं, इंद्रायणे, मशीन राहू दे, चिमटीवर जा. सर दळायचे तवा कोपऱ्याबाहेर वट्ट्यावर सांडलेली भुकटी मी रोज बोटानं टिपायचे. रव्यापरीस बारीक, गव्हाच्या पिठापरीस जाड. चिमूट चिमूट दळत गेले. सातला बोटांनी व्हय म्हणलं. मशीनवर लावून बघितलं, अठ्ठाविसाला कप भरला.

कडं सातवर ठेवलं आन् घरी आले. शुक्रवारभर तेच डोक्यात. सांगावं तर श्रेयाताई म्हणणार, बघा, बाईनं सांभाळून घ्यायची तयारी आधीच करून ठेवली. न सांगावं तर सरांनी आकड्याकडं बघितलं म्हणजे? मनाची समजूत घातली, की सर कुठं रोज बघतात, कडं एकदा लावलं ते लावलं.

शनिवारी आठला गाडी आली. सर खाली उतरले, वाळले व्हते. मला म्हणाले, बऱ्या आहात ना? मी मान हलवली. श्रेयाताई खुर्ची ओढून वट्ट्यासमोर बसली. मी दाराला टेकून उभी ऱ्हायले, पदर तोंडात.

सरांनी डबा उघडला, बिया मोजून घातल्या आन् कड्याकडं बघितलं. बघतच ऱ्हायले. त्यांच्या कपाळावर आठी आली. कोणी हलवलं, असं विचारतील म्हणून मी वाट बघत व्हते. त्यांनी विचारलं न्हाई. त्यांना वाटलं, आपणच कधीतरी चुकीचं लावलं असणार. लेकीकडं चोरून बघितलं आन् गुपचूप कडं सातवरनं चारवर आणलं.

मधी बोलायचं न्हाई, असं श्रेयाताईनं बजावलेलं. सरांनी दळलं, दाबलं, बटण दाबलं. एक, दोन, तीन करत मोजायला लागले. दहा झाले, वीस झाले. तीसला आवाज चिरका झाला, तरी मोजत ऱ्हायले. चाळीसला एक काळा थेंब पडला. पंचेचाळीसला सर थांबले. मशीन बंद केलं, हात पुसले आन् लेकीला म्हणाले, "बरोबर आहे तुझं. कधी निघायचं?"

श्रेयाताईच्या डोळ्यात पाणी आलं. मला ऱ्हाववलं न्हाई. "सर, तुमचं काय बी चुकलं न्हाई," मी म्हणले. "चारच बरोबर व्हतं. चक्की मी खोलली. तांदूळ घातले व्हते मी त्याच्यात."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. श्रेयाताई हळू म्हणाली, मावशी, पुरे आता. दूध जळलं तेव्हाही तुम्हीच पुढं झाला होतात. आन् सर? सर बी तसंच बघत व्हते. मायेनं. "राहू द्या, इंद्रायणीबाई," म्हणाले.

मंग मात्र मला संताप आला. जलमात पयल्यांदा खरं बोलायला गेले तर कोणी ऐकंना. "राहू द्या काय राहू द्या?" मी म्हणले. "सातवर लावा. तुमी लावा, मी हात लावत न्हाई. आधी दळा, चिमटीत धरा, आन् मंग मला खोटी म्हणा."

सर चक्कीकडं वळले. कडं सातवर आणलं. दळलं. चिमूट घेऊन बोटांत चोळली आन् त्यांचा चेहरा बदलला. भरभर दाबून बसवलं, बटण दाबलं. आठ मोजेपर्यंत धार लागली, बारीक, तपकिरी. तीसला कप भरला.

सर माझ्याकडं वळले. "तांदूळ?" म्हणाले. "बाई, चक्कीत तांदूळ? अक्कल कुठं ठेवली होती?" मंग जे बोलले ते बोलले. दात किती नाजूक, ते इटलीहून आणताना काय यातना झाल्या, मी सात वर्सं काय बघितलं, सगळं. मी खाली मान घालून ऐकत व्हते आन् मनातनं लई आनंदात व्हते. ज्याचं डोकं गेलंय त्याला असं रागावता येत न्हाई.

श्रेयाताई हसत व्हती आन् डोळे पुसत व्हती. सर दमून खुर्चीत बसले, तशी ती उठून माझ्यासमोर आली. "मावशी, आज तुम्ही खरं बोललात," ती म्हणाली. "आता आणखी एक खरं सांगा. बाबा इथं एकटे राहू शकतील?"

एक व्हय म्हणायचं, बस. सगळं माझ्या जिभेवर व्हतं. सर माझ्याकडं बघत व्हते, खुशीत, त्यांना उत्तर ठावं असल्यागत. मागच्या महिन्यात ते नारायणगावच्या स्टँडवर दोन तास उभे व्हते. कुठल्या गाडीत बसायचं ते आठवंना. आमच्या आळीतला बहिरू कंडक्टर हात धरून घेऊन आला. सरांना ती गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवत बी नव्हती. मी बहिरूला म्हणले व्हते, कुठं बोलू नको.

"न्हाई," मी म्हणले. "दिवसा मी असते. दिवस मावळल्यावर कोण हाय? एकटं न्हाई राहू शकत."

सरांचा चेहरा उतरला. मघा चाळीसला उतरला नव्हता एवढा. श्रेयाताईनं माझा दंड दाबला आन् ती एकटीच बाहेर अंगणात गेली. मी वट्टा पुसायला लागले, पुसलेलाच परत पुसत ऱ्हायले. सर शिवी देतील, न्हाईतर जा म्हणतील, काय बी म्हणोत, असं वाटत व्हतं.

मंग ते उठले. डबा हलवून बघितला, उरलेल्या बिया चक्कीत घातल्या. दळलं, दाबलं, तीस मोजले. कप टेबलावर ठेवला आन् माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली.

"बसा," म्हणाले.

सात वर्सांत पयल्यांदा मी त्या टेबलाशी बसले. कॉफी कडू जहर व्हती. त्यांच्यासमोर बसून सगळी प्याले.