डोंगरापलीकडची विहीण

"डोंगरापलीकडे नातेवाईक आहेत वाटतं तुमचे?"

फिरायला आलेल्या त्या जोडप्याने सहजच विचारलं होतं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला दरी, अशा डोंगरधारेवर उभं राहून त्यांनी इस्त्रीबाईकडून फोटो काढून घेतला होता आणि आता आभाराचे म्हणून चार शब्द बोलत होते. इस्त्रीबाई आधी "हो" म्हणाली. मग "तसे नाहीत" म्हणाली. शेवटी स्वतःचंच हसू येऊन "होते" म्हणाली आणि पुढे चालू लागली.

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला, म्हणून बंदरावरचं सगळं गाव तिला इस्त्रीबाईच म्हणे. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. कामाला वाघ, बोलायला मात्र दगड. त्याची बायको डोंगरापलीकडची, जुन्या तटबंदीच्या गावातली. तिची आई तिथे तटाच्या दरवाजात पाहुण्यांना तिकिटं द्यायची. गोल गरगरीत बाई, जिभेला विसावा नाही. विहिणी-विहिणींचं पटणं म्हणजे उंबराला फूल. पण या दोघींचं पहिल्या भेटीतच मेतकूट जमलं. सुट्टीच्या दिवशी एक इकडून चढायची, एक तिकडून. माथ्यावर पावाचे तुकडे आणि उकडलेली अंडी खात बसायच्या. सासूने सुनेची तक्रार थेट तिच्या आईकडे करायची आणि आईने ती मुकाट्याने मान्य करायची, असा त्यांचा न्याय होता.

मग ते लग्न मोडलं. भांडण नाही, तंटा नाही. इस्त्रीबाई कामावरून घरी आली तर कपाटाची एक बाजू रिकामी होती. मुलगा खिडकीपाशी उभा होता. म्हणाला, "जमलं नाही, आई. तिचा काही दोष नाही. पण तू आता तिकडे जाऊ नकोस, बरं दिसत नाही." तिने ऐकलं. महिने गेले. विहीण त्यानंतर माथ्यावर आली की नाही, हेही तिला कळलं नाही, कारण पाहायला ती स्वतःच गेली नव्हती.

आज सुट्टी होती. सकाळी तिने घरातल्या सगळ्या चादरींना इस्त्री केली, मग पडदे काढून त्यांना केली. मुलाच्या तेलकट कामाच्या कपड्यांना हात घातला, तेव्हा मात्र तिला स्वतःचीच कीव आली. तिने इस्त्री बंद केली, बूट चढवले आणि निघाली. खालच्या रस्त्याने बस जाते. पण बसमध्ये बसलेलं माणूस पोचतंच. धारेवरून जाताना वाटेतून परत फिरायची सोय असते.

ती सोय तिने जवळजवळ वापरलीही. माथ्यापाशी पायवाट अरुंद होते, तिथे वारा असा अंगावर आला, की जणू कुणी छातीवर हात ठेवून मागे ढकलतंय. ती खडकाच्या आडोशाला टेकली. आपण जाऊन बोलणार काय? सुनेला जाब विचारायचा नव्हता. परत चल म्हणायचं नव्हतं. ते मुलानेही म्हटलं नव्हतं. नुसतं बघायचं होतं. एवढ्यासाठी कुणी डोंगर चढतं का? मग तिला वाटलं, चढलोच आहोत, तर आता उतारच राहिलाय.

खाली करड्या दगडांचा तट दिसू लागला. एका बाजूला परांची बांधून दुरुस्ती चालली होती, वर माणसं मुंग्यांएवढी. दरवाजापाशी रांग होती. इस्त्रीबाई रांगेत उभी राहिली.

"किती?" विहिणीने मान वर न करता विचारलं.

"एक."

आवाज ओळखून विहिणीने वर पाहिलं. क्षणभर तिच्या त्या जिभेलाही विसावा मिळाला. मग ती म्हणाली, "या, आत या."

एरवी ती "ये गं" म्हणायची. तो 'या' इस्त्रीबाईला माथ्यावरच्या वाऱ्यापेक्षा जास्त लागला. तिकिटांच्या खोलीत विहिणीने खुर्ची पुसून दिली, जशी तपासणीला आलेल्या साहेबाला द्यावी. कशा आहात, बऱ्या आहात ना, हवा काय म्हणते, असं सगळं विचारून झालं. बोलणं संपलं. रांगही संपली.

"मला वाटलं, तुम्ही आमच्या मुलीला दोष देत असाल," विहीण तिकिटांचा गठ्ठा उगाच सारखा करत म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही माझ्या मुलाला देत असाल."

"दिला की. आठवडाभर दिला. मग दमले."

"मी तर तुलाही दिला," इस्त्रीबाईच्या तोंडून निघून गेलं.

विहिणीने तिच्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. मग दोघीही हसल्या. विहिणीने डोळे टिपले. म्हणाली, "अगं, पण आता तुला हाक काय मारायची? विहीणबाई म्हणायची तर सोय राहिली नाही."

तेवढ्यात दारातून कुणी आत आलं. डोक्याला फडकं, कोपरापर्यंत चुना. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आतलं काही दिसत नसावं.

"आई, चहा ठेवलास का?"

"हो," दोघी एकदमच म्हणाल्या.

सून उंबऱ्यातच थांबली. चुन्याचे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. विहीण उठून मुद्दाम किटलीचा आवाज करू लागली.

"मी तुम्हाला न सांगता गेले," सून शेवटी म्हणाली. "सांगायला थांबले असते ना, तर गेलेच नसते."

इस्त्रीबाई तिच्याकडे बघत राहिली. पोरगी उन्हाने काळवंडली होती. दंड पिळदार झाले होते. तटाच्या दुरुस्तीवर गवंड्यांच्या हाताखाली काम शिकत होती म्हणे. आपल्या घरात ही कशी पाहुण्यासारखी वावरायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, भांडंसुद्धा आवाज न करता ठेवायची, ते तिला आत्ता, इथे दिसलं. लक्षात यायला डोंगर ओलांडावा लागला.

"मग बरं केलंस," ती म्हणाली, "थांबली नाहीस ते."

सुनेने मान खाली घातली. मग पुढे येऊन चुन्याचे हात दोन्ही बाजूंना लांब धरून तिने नुसतं कपाळ इस्त्रीबाईच्या खांद्यावर टेकवलं.

चहा झाला. सुनेने तिला परांचीवर नेऊन स्वतः बसवलेले दगड दाखवले, हळू, इथे पाय ठेवा, असं सांगत. निघताना चढाच्या सुरुवातीपर्यंत विहीण सोबत आली. "पुढच्या सुट्टीला मी येते वर," ती म्हणाली. "गुडघा कुरकुरतोय, पण येते. हाक काय मारायची ते तिथे बसून ठरवू."

इस्त्रीबाई घरी पोचली तेव्हा बंदरावर दिवे लागत होते. मुलगा जेवायचा थांबला होता.

"कुठे होतीस?"

"पलीकडे गेले होते."

तो ओट्याकडे वळला. ताटं घेतली. पाणी घेतलं. घेतलेलं पाणी पुन्हा ओतलं. मग पाठमोराच म्हणाला, "बरी आहे?"

कोण, ते तिने विचारलं नाही.

"बरी आहे. तट बांधते आता. उन्हात रापलीये."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग आई खुर्चीवर टेकलेली पाहून तो समोर जमिनीवर बसला आणि तिचा पाय त्याने मांडीवर घेतला. वाटेतल्या ओल्या गवतात भिजून बुटाच्या नाडीची गाठ घट्ट बसली होती. कात्री आण, ती म्हणाली. त्याने आणली नाही. इंजिनाच्या तेलाने काळ्या पडलेल्या बोटांनी तो ती गाठ, घाई न करता, सोडवत राहिला.