दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ

भावोजींनी घड्याळ दुकानातल्या टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. जुनं, विजेवर चालणारं, त्यांच्या वडिलांच्या काळातलं. काच आडवी तडकली. मागे ताई उभी होती, उकाड्यातही गळ्याभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळून.

"रोज संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं मागे पडतं," ते म्हणाले. "आणि ही बया सकाळी गुपचूप काटा पुढे करून वेळ बरोबर लावून ठेवते, म्हणजे कुणाला कळू नये! काल पकडली. साडेसहाला घरात पाय पडला नाही तर काय होतं, हे हिला चांगलं ठाऊक आहे."

घड्याळजीलाही ठाऊक होतं. त्या घरात बायकांची वेळ त्याच घड्याळावर मोजली जायची. आधी सासूची, आता ताईची. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ती काळानिळा डोळा घेऊन याच दुकानात आली होती. घड्याळजीने काय केलं? चहा पाजला, संसारात भांड्याला भांडं लागायचंच म्हणाला आणि स्वतः बसमध्ये बसवून परत धाडली. एवढा शहाणा भाऊ!

भावोजी सिगरेट आणायला बाहेर गेले, तशी ताई टेबलावर वाकली.

"दुरुस्त करू नकोस रे. तेवढी दहा मिनिटंच माझी आहेत."

"काय करतेस दहा मिनिटांत?"

"पुलाच्या कठड्यावर बसते. नुसती बसते."

स्कार्फ जरा सरकला. गळ्यावर चार बोटं उमटली होती, जांभळी. त्याचं डोकं सणकलं, पण हात पेचकसाकडे गेला. भांडण नको, युक्ती करू, असा विचार त्याने केला. भित्र्या माणसाला युक्ती लगेच सुचते.

मोटर पत्र्याच्या बंद डबीत होती. आतलं तेल वर्षानुवर्षांत डिंकासारखं घट्ट झालं होतं, म्हणून चाकं अडखळत होती. खरा इलाज म्हणजे डबीला बारीक भोक पाडायचं, आतला चिकटा पेट्रोलने धुवायचा, पातळ तेल सोडायचं आणि कथलाचा डाग देऊन भोक बंद करायचं. त्याने त्यातलं काहीच केलं नाही. डबी फक्त दिव्याखाली चांगली तापवली. गरम असेतो तेल सैल राहणार, गार झालं की पुन्हा घट्ट. भावोजी अर्धा तास मोबाइल शेजारी धरून बसले. काटा जराही मागे पडला नाही.

"कसब आहे बुवा तुझ्या हातात," ते म्हणाले. घड्याळजी मनातल्या मनात फुशारला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई धडपडत दुकानात शिरली. डाव्या काखेत घड्याळ होतं. उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळलेली होती.

"दाराच्या फटीत धरली," ती म्हणाली. "आणि दार लावलं. काटा पुन्हा मागे पडला, तुम्ही दोघांनी मिळून फसवलंत म्हणाले."

मागोमाग भावोजी आत आले. त्यांनी तिचे केस मुठीत धरून मान मागे ओढली.

"आता कर. माझ्यासमोर. नाहीतर दुसरा हात."

"करून टाक रे," ताई ओरडली. "नीट कर, हात जोडते!"

घड्याळजीने मोटर काढली. गिरमिट लावलं, डबीला भोक पाडलं. आतून काळाकुट्ट चिकटा बाहेर आला. भावोजींनी उगाचच, केवळ त्याने घाई करावी म्हणून, ताईचं डोकं कपाटावर आदळलं. तेव्हा कुठे त्याने गिरमिट खाली ठेवलं.

"सोडा तिला."

"नाहीतर काय करशील?"

त्याने हातोडी उचलून मोटरवर घातली. डबी चेपली, चाकं उडाली. भावोजींनी ताईला फेकून दिलं आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात पडला. दुसऱ्या ठोशाला तो टेबलाच्या कडेवर कोसळला, तिसऱ्याला जमिनीवर. मग लाथा, पोटात, बरगड्यांत. मारामारी त्याला जन्मात जमली नव्हती, आजही जमली नाही. पण हातोडी त्याने सोडली नव्हती. पुढची लाथ आली तेव्हा त्याने तो पाय छातीशी कवटाळला आणि गुडघ्यावर घाव घातला. एक, दोन. तिसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज आला. भावोजी गुरासारखे ओरडले. त्याने आणखी एक घातला. तो गरजेचा नव्हता, पण घातला.

ते शिव्या देत, फरफटत रस्त्यावर गेले. याने शटर ओढलं, आतून कडी घातली आणि तोंडातलं रक्त थुंकलं.

"तू आता कुठेही जायचं नाहीस," तो म्हणाला. "इथेच राहायचं."

ताई रडेल, गळ्यात पडेल असं त्याला वाटलं होतं. ती कपाटाला टेकून बसली होती, कपाळावरून रक्त ओघळत होतं, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याने मान खाली घातली.

"हे तुला जमत होतं," ती म्हणाली, "तर मला बसमध्ये का बसवलंस?"

त्याने लाकडाची एक सपाट पट्टी शोधली आणि तिच्या बोटांना बांधायला घेतली.