डाव्या अंगाचं शिसं

शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यावर मर्व ग्रबनं टास्मानियातल्या फ्रँकलिन गावी, घरामागच्या शेडमध्ये शिडाची होडी बांधायला घेतली. विकतचं काही आणायचं नाही, एकूण एक भाग स्वतःच्या हातानं करायचा, हा त्याचा हट्ट. कोठीच्या दाराचं सुकाणू झालं. पाइनचं एक उभं खोड रंधून डोलकाठी निघाली. शीड शिवायला घेतल्यावर जेवणाचं टेबल उन्हाळाभर अडकलं, आणि त्याची बायको कोरली मांडीवर ताट घेऊन जेवली. फक्त आपण या होडीत पाऊल ठेवणार नाही, एवढं तिनं सांगून टाकलं होतं.

शेवटी राहिलं बुडाखालचं शिसं. ते वजन नसलं तर होडी वाऱ्यासरशी आडवी व्हायची. मर्वनं जुन्या छपरांवरून, मासेमारांकडून मिळेल तेवढं शिसं जमवलं. वितळवायला मोठं भांडं हवं होतं. कोरली बहिणीकडे लॉन्सेस्टनला गेली, तेव्हा त्यानं न्हाणीघरातला बिडाचा टब उचकटला आणि शेजारच्या अ‍ॅथॉलला हाताशी घेऊन मागच्या कुरणात जाळावर चढवला.

शिसं छान वितळलं. जमिनीत बसवलेल्या लाकडी साच्यात ते सोडलं, तशी एका बाजूची माती खचली आणि साचा कलला. शिसं काही थांबणाऱ्यातलं नव्हतं. निवाल्यावर पाहिलं, तर वजन डाव्या अंगाला चांगलंच फुगलेलं.

अ‍ॅथॉलनं बराच वेळ निरखून पाहिलं. "पाण्याखाली कोण बघायला जातंय?" तो म्हणाला.

कोरली परत आली, न्हाणीघरात जाऊन आली आणि आंघोळ कुठे करायची म्हणून विचारलं. मर्वनं नदीकडे बोट दाखवलं. त्यानंतर काही दिवस तो शेडमध्येच झोपला.

होडी ह्युऑन नदीत उतरवली तेव्हा बघायला अर्धं गाव आलं होतं. होडी डावीकडे कलली आणि तशीच राहिली. मर्व उजवीकडे सरकला, तर सुकाणूपर्यंत हात पोचेना. अ‍ॅथॉलनं बटाट्यांची दोन पोती आणून उजवीकडे ठेवली. ती घरंगळून पाण्यात गेली. कुणी हसलं नाही, हे मर्वला जास्तच लागलं. तो मान खाली घालून शिडाच्या दोऱ्या सोडायला लागला.

कोरलीला त्याचे लाल झालेले कान दिसले. तिनं बूट काढले, होडीत चढली आणि उजवीकडे बसली. होडी सरळ झाली.

"हलू नकोस," मर्व म्हणाला.

"मी कुठे हलतेय?"

पश्चिमेचा वारा होता, उजव्या अंगानं येणारा. पोर्ट ह्युऑनपर्यंत होडी सुरेख गेली. परत फिरताना वारा दुसऱ्या अंगानं आला.

"कोरली, आता डावीकडे ये."

"हलू नकोस म्हणालास ना."

"ते मघाशी. आता वारा तिकडून येतोय."

"मग ते वाऱ्याला सांग. मी बसलेय ती बसलेय."

अखेर अ‍ॅथॉल ट्रेलर घेऊन त्यांना न्यायला आला. वाटेत मर्व म्हणाला, की शिसं काढून पुन्हा ओतू, या खेपेला नीट.

"काही नको," कोरली खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नीट केलंस, तर एकटाच जाशील."

मर्वनं शिसं काढलं नाही. पुढच्या रविवारी वारा पूर्वेचा होता, म्हणून तो उजवीकडूनच यावा अशा बेतानं ते उलट दिशेला ह्युऑनव्हिलला गेले. अ‍ॅथॉल ट्रेलर घेऊन तिकडे आला.