वीतभर वायर

माणसं खोटं बोलतात याचं मला काही वाटत नाही. पस्तीस वर्षं कचेरीत काढली आहेत. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती खोटं बोलून झाल्यावर शांतपणे डबा उघडून जेवणाऱ्या माणसांची.

आमची नकाशे काढणारी कचेरी. एक लांब हॉल आणि चौदा तिरपी टेबलं. हवा गार करणारं यंत्र तळघरात आणि त्याची किल्ली साहेबांच्या कपाटात. म्हणजे हवा साहेब ठरवणार आणि भांडणं आम्ही करणार. खिडकीपाशी बसणाऱ्याला सतत घाम फुटायचा. एकदा त्याच्या कपाळावरचा थेंब नकाशावर पडला आणि शाई पसरून एका तलावात बेट उगवलं. ते छापूनही आलं. उलट गार हवेच्या झरोक्याखालच्या ताई बारा महिने शाल पांघरून बसत. दोघांमधून विस्तव जात नसे.

शेवटी आमच्या वायरमननं मनावर घेतलं. त्यांना सगळे फ्यूजमामा म्हणत. त्यांनी भंगारातला पंख्याचा जुना रेग्युलेटर आणला, पुसला आणि हॉलच्या मधोमध भिंतीवर बसवला. एक ते पाच आकडे. मागे वीतभर वायर भिंतीत शिरली आणि तिथेच संपली. मामा स्टुलावर चढले होते. स्टूल मी धरलं होतं.

"मामा, हे चालणार कशावर?"

"माणसांवर," मामा म्हणाले. "टक असा आवाज आला की अर्धा उकाडा जातो. बाकीचा अर्धा शेजाऱ्याला नको असलेलं मिळालं की जातो. कुणाला बोलू नका, भाऊ."

मी बोललो नाही. तीन वर्षं हॉल सुखात होता. खिडकीवाला पाचवर करी आणि "हां, आता कसं!" म्हणे. ताई दोनवर आणून शाल सैल करत. पुढे दोघांनी वेळापत्रक केलं: जेवणाआधी चार, जेवणानंतर दोन. खाली दोघांच्या सह्या. ते काचेखाली लावलं होतं. कुणीतरी एकदा गुपचूप पाचवर ठेवून गेलं, तर ताईंना खरोखरची सर्दी झाली, आणि त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली.

मग भिंती रंगवायला रंगारी आला. त्यानं रेग्युलेटर उचकटला आणि वायरचं टोक हातात धरून हॉलमध्ये विचारलं, "हे कुठं जोडायचं होतं?"

नवे साहेब तत्त्वाचे होते. मामांवर 'कर्मचाऱ्यांची फसवणूक' असा आरोप ठेवला. मामांना निवृत्तीला चार महिने राहिले होते. कचेरीमागच्या माडीवरच्या दोन खोल्यांत ते राहत, अंथरुणाला खिळलेल्या बहिणीसोबत. आरोप शाबीत झाला तर नोकरी जाणार आणि खोल्याही.

चौकशीला वरून एक बाई आल्या. प्रत्येकाला प्रश्न एकच: रेग्युलेटर खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं का? मी सर्वांत ज्येष्ठ, म्हणून शेवटी. बाहेरच्या बाकावर बसून उघड्या दारातून सगळं ऐकत होतो.

"माहीत म्हणजे काय," खिडकीवाला म्हणाला, "पहिल्या दिवशीच ओळखलं मी. गंमत म्हणून फिरवायचो."

"आणि हे सह्यांचं वेळापत्रक?"

"तीही गंमतच."

मग ताई. "अहो, मी काय लहान मूल आहे? त्यात काही नाही हे दिसतच होतं की!"

"आणि रजा?"

"सर्दी खरी होती," ताई ताठ मानेनं म्हणाल्या.

एकामागून एक तेरा जण. तेराच्या तेरा पहिल्यापासून सर्वज्ञ. माझं रक्त उसळत होतं. मूर्ख ठरण्यापेक्षा लबाड ठरलेलं बरं, असं वाटणाऱ्या लोकांशेजारी मी आयुष्य काढलं होतं! पण मनात आलं, यातून मामांचं भलंच होतंय. फसलंच कुणी नाही, तर फसवणूक कसली? आता मी खरं सांगितलं की आरोपच संपला. आणि खरं सांगणारा हॉलमधला मी एकटाच असणार होतो.

आत गेलो. बाई थकल्या होत्या. समोर माझ्या विभागप्रमुखपदाची फाईल होती, सहीविना.

"तुम्ही ज्येष्ठ आहात," त्या म्हणाल्या. "या सगळ्यांना माहीत होतं तरी एकानंही वर कळवलं नाही. साहेब त्याची नोंद घेणार आहेत. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही नक्कीच कळवलं असतं, नाही का?"

"अर्थात," मी म्हणालो. "मला कल्पनाच नव्हती."

किती सहज निघालं तोंडातून! टक असा आवाजसुद्धा झाला नाही.

निकाल लागला. फसवणूक झाली, पण एकाच इसमाची, म्हणून शिक्षा सौम्य: नोकरी राहील, बदली गावाबाहेरच्या पंपघरावर, खोल्या महिन्याच्या आत रिकाम्या कराव्यात, आणि फसलेल्या इसमाची लेखी माफी मागावी.

दरम्यान हॉलमध्ये पुन्हा हमरीतुमरी सुरू झाली. साहेबांनी कर्मचाऱ्यांच्या विनंतीवरून रेग्युलेटर परत बसवून घेतला. वेळापत्रकही आलं. सह्या त्याच.

मामा माझ्या टेबलाशी आले ते जेवणाच्या सुट्टीत. कागद पुढे ठेवला. 'आपली दिशाभूल केल्याबद्दल मी दिलगीर आहे.' अक्षर सुरेख होतं.

"मिळाली म्हणून सही करा, भाऊ."

मी केली. वर बघायचा धीर होईना. "ताई कशा आहेत?" मी विचारलं. बहिणीबद्दल.

"खाट जिन्यातून निघत नाहीये. बघू." मामांनी कागदाची घडी घातली. "त्या दिवशी स्टूल डुगडुगत होतं, तुम्ही घट्ट धरलंत. त्याचे आभारही लिहायचे होते. जागा पुरली नाही."

ते गेले. मागून खिडकीवाला म्हणाला, "भाऊ, कमालच तुमची! एवढं साधं तुमच्या लक्षात आलं नाही?"

सगळे हसले. मीही हसलो. कानशिलं तापली होती, म्हणून उठून रेग्युलेटर पाचवर केला.

मग डबा उघडला आणि जेवलो.