अर्धी गंजी

बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका शेतात चला. पोखर्णीजवळचं शेत. ट्रॅक्टरला जोडलेलं मळणीयंत्र धडधडतंय. कापून रचलेल्या गंजीतलं वाळलेलं सोयाबीन आत जातंय, इकडून पिवळे दाणे पडतायत, तिकडून भुसकट उडतंय. तुम्हाला हा आवाज कदाचित आवडेल. सुगीचाच तर आवाज आहे. आता या आवाजाला भिणारा एक मोठा माणूस डोळ्यांसमोर आणा.

तो भुजंग. बांधावर बसलाय. शर्टाची उजवी बाही कोपराच्या वरच गाठ मारून बांधलेली. चौथीत शिकणारी त्याची लेक अपेक्षा त्याला ढोसत म्हणाली, “पप्पा, नाव भुजंग अन् मशीनला भेता व्हय?”

“भीत न्हाई गं.”

“मग घाम कशाचा यायलाय?”

भुजंगनं डाव्या हातानं कपाळ पुसलं.

सोयाबीनच्या शेंगा टोचतात, म्हणून मजूर हातांना चिंध्या गुंडाळून काम करतात. काही वर्षांमागे राजेश्रीनं, त्याच्या बायकोनं, आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी अशीच त्याच्या हाताला बांधून दिली होती. चिंधीचं सुटलेलं टोक मशीननं ओढलं आणि पाठोपाठ हातही.

जखम केव्हाच भरली. पण भुजंग अजून झोपेतून ओरडत उठतो. नसलेली बोटं दुखतात, ते सांगायची त्याला लाज वाटते. घरातला मिक्सर पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलाय. राजेश्री चटणी पाट्यावर वाटते आणि त्याबद्दल कधी बोलत नाही. सुगी आली की तो सोनपेठला बहिणीकडे जाऊन राहायचा.

यंदा तो गेला नाही. शेत चुलतभावाला, दत्ताला, बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसायला, द्यायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. भुजंग म्हणाला होता, “मळणीला उभा राहू शकलो, तर शेत मीच करीन. न्हाई तर देऊन टाका.”

“लय जवळ जाऊ नका,” दाणे भरता भरता राजेश्री ओरडली. “जमंना झालं की घरी जायचं. परभणीच्या डाक्टरीणबाईनं काय सांगितलंय?”

“थोडं थोडं सवयीचं करा म्हणून.”

“मग थोडंच करा की.”

तो उठला. मशीनकडे चालत गेला आणि थोड्या अंतरावर उभा राहिला. दत्ता वर चढून पेंढ्या टाकत होता. भुजंगनं खालून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जमतंय जमतंय.

तेवढ्यात ओली पेंढी आत अडकली. मशीनचा आवाज एकदम जड झाला. दत्तानं पेंढी ओढायला हात पुढे केला.

भुजंगला ओरडायचं होतं. आवाज फुटलाच नाही. तो ढेकळांत खाली बसला. दत्तानं हात मागं घेतला, ट्रॅक्टर बंद करायला लावला आणि उडी मारून धावत आला.

“दादा, कशाला जिवाला त्रास करून घ्यायलास? मी करतो की शेत. परका हाय का मी?”

भुजंगनं डाव्या मुठीत एक ढेकूळ आवळलं.

राजेश्रीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “उठा. बास झालं. घरी चला.”

“आपली गंजी सरू दे,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“अर्धी बाकी हाय अजून.”

“सरू दे.”

दत्ता परत वर चढला. ट्रॅक्टर सुरू झाला. भुजंगनं डोळे गच्च मिटले आणि डावा कान डाव्या हातानं दाबून धरला. उजवा खांदाही वर आला, बाहीची गाठ हलली आणि तिथंच राहिली.

अपेक्षा बांधावरून उतरली. ढेकळं तुडवत बापाच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, आणि भुसकटानं भरलेला आपला तळवा तिनं त्याच्या उजव्या कानावर दाबून धरला.