लॅसेल्सचे जिवलग

किंग्स्टनमधल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर लॅसेल्स या गायकाच्या जुन्या रेगे गाण्यांचा नवा अल्बम प्रकाशित होत होता. लॅसेल्स जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याची थोरली बहीण विन्सम पहिल्या रांगेत बसली होती. मोठमोठे जुने कलावंत येणार म्हणून तिने निळा झगा मुद्दाम इस्त्री करून घातला होता. तरुणपणी याच लोकांच्या गाण्यांवर ती नाचली होती.

माइकवर पहिला आला क्लोव्हिस बार, रेगेचा नावाजलेला गायक. टोपी छातीशी धरून म्हणाला, "माझ्या मांडीवर प्राण सोडला हो त्यानं!" लोक हळहळले.

मग डान्सहॉलच्या नाचगाण्यांत गाजलेला डॅडी फ्लिंट आला. बोटाबोटांत सोन्याच्या अंगठ्या. "शेवटचा घोट मी पाजला त्याला," म्हणत त्याने हुंदका दिला आणि त्याच दमात आपल्या पुढच्या कार्यक्रमाची जाहिरातही उरकली.

विन्समला ते दिवस आठवले. सरकारी इस्पितळात लॅसेल्स दाराकडे डोळे लावून पडलेला असायचा. पाऊल वाजलं की विचारायचा, "क्लोव्हिस आला का गं?" कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

ती उठली, सरळ माइकपाशी गेली. "तो गेला तेव्हा जवळ मी होते. एकटी. आजारपणात या दोघांची सावलीही पडली नाही तिथं."

निवेदकाने झटकन माइक ओढून घेतला. ओरडला, "याला म्हणतात बहिणीची माया! टाळ्या!" टाळ्या कडाडल्या. फ्लिंटने तिला मिठीत आवळून फोटोसाठी दात काढले. अत्तर, घाम आणि रमचा भपकारा. तिने त्याला ढकललं, पर्स उचलली आणि ती चालू लागली.

फाटकाशी क्लोव्हिसने तिला गाठलं. धापा टाकत होता, हातात बोकडाच्या रश्श्याची वाटी तशीच.

"सिस्टर, रागावू नकोस. त्याचा आवाज माझ्यापेक्षा सरस होता. तो आजारी पडला ना, तेव्हा... खरं सांगू? बरं वाटलं मला. मग कुठल्या तोंडानं येऊ?"

विन्सम थांबली. हा माणूस निदान आत्ता तरी खोटं बोलत नव्हता.

"मग हेच आत जाऊन सांग. माइक चालू आहे."

त्याने मागे वळून पाहिलं. "आज नको गं. लोक खुशीत आहेत." आणि रश्श्यातलं हाडूक उचलून चोखायला लागला.

विन्सम फाटकाबाहेर पचकन थुंकली. जन्मात ती कधी रस्त्यावर थुंकली नव्हती. समोरून बस येत होती. तिने हात केला.