सर पवनचक्कीवर चढले

अनुदान मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा विद्युत विभागाचे सर प्रयोगशाळेत एक जुनी मोटर उघडून बसले होते. एरवी कुणाला बोलवायचं असलं की प्राचार्य मॅडम शिपायाला पाठवत. त्या दिवशी त्या स्वतःच धावत आल्या, आणि येताना त्यांची एक चप्पल जिन्यातच राहिली.

"मिळालं, सर! मागितलं तेवढं सगळं मिळालं!"

आनंदाचं कारणही तसंच होतं. गावातला काचेचा कारखाना बंद पडल्यापासून तंत्रनिकेतनाला घरघर लागली होती. वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त. तेवढ्यात सरकारची योजना आली. विज्ञान-तंत्रज्ञानाचं शिक्षण सुधारायचं आणि काम सुटलेल्या माणसांना नव्या कामाचं शिक्षण द्यायचं. गावाबाहेरच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि त्यांची देखभाल करायला माणसं मिळत नव्हती. सरांनी हे दोन्ही धागे जुळवून प्रस्ताव लिहिला. लिहिण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

"आणि समितीला सगळ्यात काय आवडलं, माहितीये?" मॅडम म्हणाल्या. "तुमचं ते वाक्य. 'प्रशिक्षक पहिल्या तुकडीबरोबर स्वतः मनोऱ्यावर चढून काम करेल.' वा! असं कुणी लिहीत नाही हो."

सरांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला.

वाक्य त्यांचंच होतं. खुर्चीत बसून, चहा पीत लिहिलेलं. लिहिताना 'प्रशिक्षक' म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी तरणाबांड गडी होता, अनुदान आल्यावर नेमायचा. पण योजनेत यंत्रं होती, शिकणाऱ्यांना विद्यावेतन होतं. नव्या माणसाचा पगार नव्हता. आणि विभागात सरांशिवाय उरलं होतं कोण? म्हणजे प्रशिक्षक तेच.

घरी बल्ब बदलायचा असला तरी स्टुलावर बायको चढायची. सर खाली उभे राहून स्टूल धरायचे, आणि तेसुद्धा वर न बघता.

"मग सांगून टाका ना मॅडमना," बायको म्हणाली. "अहो, घाबरणं हा काय गुन्हा आहे?"

"आता सांगितलं तर अनुदान जाईल. माणसांची नावं लागलीत त्यात."

"आणि तुम्ही पडलात तर?"

 त्या प्रश्नाचं उत्तर ते रोज अंथरुणात पडल्या पडल्या डोळ्यांनी बघत होते. झोप लागायच्या बेतात असली की पायाखालून काहीतरी निसटायचं आणि ते दचकून पलंगाची कड धरायचे.

कार्यशाळेमागच्या अंगणात सरावाचा लोखंडी सांगाडा उभा राहिला. दुमजली घराएवढाच. पवनचक्कीच्या कंपनीने सुरक्षेचं शिकवायला एक बाई पाठवली होती. काटक, कमी बोलणारी. पट्टे कसे घालायचे, शिडीच्या मधल्या पोलादी पट्टीवर सरकणारा अडकवा कसा लावायचा, हे तिने दाखवलं. चढता-उतरताना तो अडकवा आपल्याबरोबर मुकाट सरकतो. पाय सुटला की जागच्या जागी पट्टीला चावतो आणि माणसाला धरून ठेवतो. शिकणारे त्याला कुलूप म्हणायला लागले.

"एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा," बाई म्हणाली. "कुलूप बसलं की खाली ओढून सुटत नाही. पायरीभर वर चढायचं, मगच सुटतं."

सरांनी तिथे दात-ओठ खाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. शिकणारे टाळ्या वाजवत होते आणि सरांच्या मनात एकच, की हा तर नुसता सांगाडा. खरा मनोरा अजून पुढेच आहे.

पहिल्या तुकडीत बहुतेक कारखान्यातलीच माणसं होती. त्यांत एक पैलवान. कुस्ती तो कधी खेळला नव्हता, पण दारातून आत येताना आडवा व्हायचा म्हणून नाव पडलेलं. अर्धं आयुष्य काचेच्या भट्टीसमोर काढलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, "अरे, भट्टीच्या तोंडात डोकं घातलेली माणसं आपण. शिडीला काय भ्यायचं?" त्याचं हसणं ऐकलं की सरांना बरं वाटायचं आणि लाजही वाटायची.

मनोऱ्याचा दिवस उजाडला. सरांनी न्याहारी खाल्ली, ती तशीच बाहेर आली. बायकोने डबा दिला आणि दारातच त्यांचा हात घट्ट धरला. "नाहीच जमलं तर खाली या. लोक काय म्हणतील ते मी बघते."

लांबून पवनचक्की खेळण्यातली वाटते. पायथ्याशी उभं राहिलं की मान मोडते. पाती थांबवलेली होती, पण वरून ढग सरकत होते आणि त्यामुळे मनोराच आपल्यावर झुकतोय असा भास होत होता. सरांनी नजर खाली घेतली ती वर केलीच नाही.

आत शिरल्यावर थोडं बरं वाटलं. शिडी मनोऱ्याच्या पोटातून जात होती. भोवती पांढऱ्या रंगाचं लोखंड, अधूनमधून दिवा, काही अंतरावर विसाव्याचा मजला आणि त्याला झाकण. दोन मजल्यांच्या मधे एका वेळी एकानेच चढायचं असा नियम. बाई सगळ्यांत पुढे, मग दोघं विद्यार्थी, मग पैलवान, शेवटी सर.

ते कसे चढले ते त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. पायरी, हात, पायरी, हात. हातमोज्यात घाम साचला.  मधल्या मजल्याच्या वर मनोरा हलतोय हे पायांना कळलं. फार नाही, बोटीसारखं सावकाश, पण ज्या लोखंडाच्या भरवशावर आपण आहोत तेच हलत होतं. खाली जायचं धैर्य नव्हतं म्हणून ते वर गेले.

वरच्या यंत्रघरात बाईने एकेक भाग दाखवला. सरांनी त्याच भागांवर वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली होती. आता त्यांना एकही शब्द सुचेना. ते एका खांबाला पाठ लावून बसले आणि "हं, हं" करत राहिले.

मग वारं बदललं. बाईच्या रेडिओवर खालून निरोप आला. तिने छताच्या झाकणातून आकाशाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "उतरायचं. घाई नको, पण आत्ताच."

आधी दोघं विद्यार्थी उतरले, मग पैलवान. सर मधल्या मजल्यावर पोचून आपली पाळी यायची वाट बघत होते, तेवढ्यात खालून 'खाड्' असा आवाज आला आणि पाठोपाठ एक ओरडणं. ते पैलवानाचं असेल असं वाटलंच नाही, इतकं बारीक.

सरांनी झाकणातून वाकून पाहिलं. पैलवानाचा पाय निसटला होता, कुलूप बसलं होतं. आता त्याने दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली होती आणि गाल पायरीवर टेकला होता.

"बाई, पैलवान अडकलाय!" सर आपल्या पट्ट्याला लावलेल्या रेडिओवर म्हणाले.

"मला यंत्रघर बंद करून यायला वेळ लागेल. त्याला पट्ट्यावर लटकू देऊ नका. जास्त वेळ लटकला तर पायांतलं रक्त अडकतं. तुम्ही जवळ आहात, तुम्ही जा."

तुम्ही जा.  झाकणातून पाय खाली सोडून पायरी चाचपायची, तेवढा वेळ दुसरा पाय एकटा. हे सरावात शंभरदा केलं होतं. आता पाय सुटतच नव्हता. मनोऱ्यातून वाऱ्याचा घुमणारा आवाज येत होता, आणि त्यात खालून एक हुंदका.

सरांनी आधी कुलूप पट्टीवर लावलं. मग पाय सोडला. उतरले.

"पैलवान, मी वर आहे तुमच्या. पाय पायरीवर ठेवा."

"सर, येऊ नका! दोघांच्या वजनाने तुटेल."

"नाही तुटत. माझं वजन आहेच किती?"

"कुलूप सुटत नाहीये."

"पायरीभर वर चढा, सुटेल."

"वर?" त्याचा आवाज फाटला. "मला खाली जायचंय सर. वर नाही जाणार मी. मरेन पण वर नाही जाणार."

पायाशीच त्याचं शिरस्त्राण थरथरताना दिसत होतं. सरांना काही उपदेश सुचला नाही. सुचलं ते खरं तेच.

"ऐक माझं," ते म्हणाले, आणि अहो-जाहो तिथेच सुटलं. "माझी तुझ्याहून वाईट गत आहे. सकाळपासून पोटात घोटभर पाणी टिकलेलं नाही. आत्ता हात सोडला तर मी तुझ्याच डोक्यावर येणार."

पैलवानाने गाल पायरीवरून उचलला.

"तुम्ही? घाबरलाय?"

"फार."

"मग कशाला चढलात हो?"

"प्रस्तावात लिहून बसलो होतो ना."

पैलवान हसला की रडला ते कळलं नाही, पण त्याची मिठी किंचित सैल झाली.

"नाकासमोरची पायरी बघ. तिला रंग आहे का?"

"आहे. मधे उडालाय."

"तिथे उजवा हात. बघू नको कुठे, तिथेच बघ. हात घट्ट? आता डावा पाय वर. मीही चढतो पायरीभर, तुला जागा करतो."

सरांनी आधी स्वतः पाय उचलला. खाली जायला आलेला माणूस वर चढला. मग खालून धापा टाकल्याचा आवाज आला, आणि 'टक्'. कुलूप सुटलं.

"आता माझ्याशी बोलत खाली," सर म्हणाले. "भट्टीचं सांग. पहिल्या दिवशी काय केलं होतंस?"

"पळून गेलो होतो," पैलवान म्हणाला. "बापाने कान धरून परत आणलं."

हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तेच सांगत सांगत तो उतरला आणि त्याच्यामागून सर.

 बाहेर गवतावर आल्यावर सर बसले आणि तोंड फिरवून ओकले. पैलवानाने पट्टे काढले, कुणाकडे न बघता सायकल घेतली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सर त्याच्या घरी गेले. तो अंगणात पाठमोरा बसला होता.

"मी वर जाणार नाही सर. काम नाही मिळालं तरी चालेल. रोज तो 'खाड्' आवाज येतो कानात."

"माझ्याही येतो," सर म्हणाले. "पण जमिनीवरचंही काम असतं. पाती दुरुस्तीला खालीच उतरवतात. काचेच्या धाग्यांची असतात ती."

"काचेच्या?" पैलवानाने पहिल्यांदा मान वळवली.

पैलवानासारख्यांना जमिनीवरचं काम शिकवायचं तर योजनेच्या कार्यालयाची परवानगी लागणार होती. प्राचार्य मॅडम हादरल्या. "पहिल्याच वर्षी बदल मागायचा? त्यांना वाटेल आपल्याला जमत नाही. सगळंच काढून घेतलं तर?"

"घेतील कदाचित," सर म्हणाले. "पण मॅडम, घाबरलेल्या माणसाला मी तिथे ढकलणार नाही. मी स्वतः काय अवस्थेत चढलो ते तुम्हाला सांगितलेलं नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं, स्टुलापासून.

मॅडमनी अर्ज पुढे ओढला. मग त्यांनी अर्जावर सही केली. 

पुढचे काही आठवडे फोन वाजला की दोघंही धावायचे. अखेर एक अधिकारी तपासणीला आला. त्याने यंत्रं पाहिली, विद्यार्थ्यांशी बोलला, आणि जाताना सरांना विचारलं, "तुम्ही स्वतः चढता?"

"चढतो. भीत भीत."

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं, पण चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. परवानगी मात्र आली, पाती दुरुस्तीचा वेगळा वर्गही मंजूर झाला. पैलवान आता तिथे असतो. त्याचे हात इतके हलके आहेत याचं त्याच्या बायकोलाच सगळ्यांत जास्त नवल वाटतं.

दुसरी तुकडी मनोऱ्याखाली उभी राहिली तेव्हा सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मला उंचीची भीती वाटते. तुमच्यातही कुणाला वाटत असेल तर आत्ताच बोला." दोन हात वर झाले. मग अडखळत तिसरा.

बाईने सरांचे पट्टे ओढून पाहिले. छातीचा ठोका तिच्या बोटांना लागला असणार.

"थांबायचं का आज?" तिने हळूच विचारलं.

 सरांनी 'नको' अशी मान हलवली आणि पहिल्या पायरीवर हात ठेवला.